आकडा त्यांचा, कायदाही त्यांचाच

बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात नोबेल मिळालेल्या प्राध्यापकाला गाडी लावायला कायमची राखीव जागा मिळते. विद्यार्थ्याला खोली मिळेलच असं नाही. यालाच तिथे ‘दीर्घकालीन विकास आराखडा’ म्हणतात!

2005 च्या आराखड्यात या सरकारी विद्यापीठाने लिहून दिलं होतं, की 2020 पर्यंत विद्यार्थीसंख्या 33,450 वर स्थिरावेल. 2018 मध्येच ती चाळीस हजारांपार गेली. गणित चुकलं म्हणावं, तर तिथला गणित विभाग जगात नावाजलेला. चुकलं काही नाही, आकडा पाळायचाच नव्हता. राज्याबाहेरचा आणि परदेशी विद्यार्थी कितीतरी जास्त फी भरतो. त्यात आपली पुण्या-मुंबईची पोरंही आली. प्रवेशाचे पेढे इथे वाटायचे आणि डोक्यावरचं छप्पर तिथे जाऊन शोधायचं.

या वाढीविरुद्ध विद्यापीठाचे शेजारी कोर्टात गेले. 2021 मध्ये न्यायाधीशांनी विद्यार्थीसंख्या 42,347 वर गोठवली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही स्थगिती नाकारली, तेव्हा विधिमंडळाने मार्च 2022 मध्ये चुटकीसरशी पर्यावरण कायदाच बदलला. शेजारीही काही संत नव्हेत. ‘विद्यार्थ्यांचा गोंगाट म्हणजे पर्यावरणाची हानी’ असा युक्तिवाद करायला जाड कातडी लागते. पण 2023 मध्ये तो अपील न्यायालयात टिकला आणि पुन्हा कायदा बदलला! महापालिकेने तर 2021 मध्येच सोळा वर्षांत 8 कोटी 26 लाख डॉलर घेण्याच्या बोलीवर तलवार म्यान केली होती.

हा गोंगाटाचा वाद ज्या पीपल्स पार्कवरून झाला, तिथे एकेकाळी नांदती घरं होती. 1967 मध्ये विद्यापीठाने ती सक्तीने ताब्यात घेतली, मग पाडली आणि पैसे नाहीत म्हणून जागा चिखलात टाकून दिली. 1969 मध्ये लोकांनी तिथे बाग फुलवली, तेव्हा मात्र मालकी आठवली. त्या मे महिन्यात पोलिसांच्या गोळ्यांनी जेम्स रेक्टर हा तरुण गेला. वसतिगृहासाठी घेतलेल्या जमिनीवर वसतिगृह बांधायला 2024 उजाडलं, तेही मध्यरात्री पोलीस आणून, भोवती मालवाहू कंटेनरची भिंत रचून. समाजाशी नातं म्हणतात ते हेच असावं.

2021 चा नवा आराखडा सांगतो: 2036-37 पर्यंत 48,200 विद्यार्थी. हा अंदाज आहे, मर्यादा नव्हे, हेही सोबत आलंच. माझी मागणी एका ओळीची आहे. जितक्या खोल्या तयार, तितकीच वाढीव प्रवेशपत्रं, असं आराखड्यातच छापा. मग पुढचा आकडा लिहिताना पेन किती अडखळतं, ते पाहू.