मेट्रो मुंबईत, प्रवासी कर्जत-खोपोलीचा: वाचलेली वीस मिनिटं जातात कुठे?

मुंबईची मेट्रो 3, म्हणजेच ॲक्वा लाईन, 9 ऑक्टोबर 2025 पासून आरे ते कफ परेड अशी पूर्ण सुरू झाली. 33.5 किलोमीटर, 27 स्थानकं, गारेगार डबे आणि आपोआप बंद होणारे दरवाजे. सोशल मीडियावर रील्सचा पाऊस पडला. पण मुंबईत मेट्रोने फिरणारे सगळेच मुंबईत राहतात असं नाही. रोज पहाटे कर्जत, नेरळ, खोपोलीहून लोकल पकडणारा नोकरदारही शेवटच्या टप्प्यात याच मेट्रोत चढतो. त्याच्यासाठी नेमकं काय बदललं?

कर्जतकर मेट्रोत चढतो कुठे?

कर्जत ते सीएसएमटी हे अंतर 100 किलोमीटर आहे. लोकलने जायला साधारण दोन तास लागतात. या मार्गावर मेट्रो गाठायची मोठी ठिकाणं म्हणजे घाटकोपर आणि सीएसएमटी. दादरलाही मेट्रो आहे, पण ती पश्चिमेला. त्यामुळे मध्य रेल्वेने आलेल्याला पूल ओलांडून चालत जावं लागतं.

यातलं सगळ्यात रुळलेलं ठिकाण घाटकोपर. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो जून 2014 मध्ये सुरू झाली. रस्त्याने तास-दीड तास खाणारा हा पट्टा मेट्रो साधारण 21 मिनिटांत पार करते. साकीनाका, मरोळ, अंधेरीला कामाला असलेल्यांना आता दादरला जाऊन पश्चिम रेल्वे पकडायची गरज उरली नाही. मरोळ नाक्याला मेट्रो 1 आणि मेट्रो 3 एकमेकींना भेटतात. त्यामुळे घाटकोपरहून सीप्झ किंवा बीकेसीलाही गाडी बदलून जाता येतं.

मग अडचण काय?

पहिली अडचण खिशाची. लोकलचा महिन्याचा सेकंड क्लासचा पास काहीशे रुपयांत मिळतो आणि त्यावर कितीही फेऱ्या मारता येतात. मेट्रोचं भाडं वेगळं. समजा, एका बाजूला 30 रुपये लागतात. मग 25 दिवसांचे झाले 1,500 रुपये. म्हणजे शेवटच्या काही किलोमीटरचा खर्च आधीच्या दीड तासाच्या प्रवासापेक्षा कित्येक पट. ऑक्टोबर 2025 मध्ये आलेल्या 'मुंबई वन' ॲपने 11 वाहतूक सेवांची तिकिटं एका मोबाईलवर आणली. रांग वाचली, पण भाड्यांची बेरीज तीच राहिली.

दुसरी अडचण घड्याळाची, आणि ती जास्त मोठी आहे. गर्दीच्या वेळी मेट्रो काही मिनिटांच्या अंतराने येते, एक चुकली तर दुसरी आहेच. कर्जतचं तसं नाही. आणि कर्जतच्या पुढे पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली हा सुमारे 15 किलोमीटरचा मार्ग तर एकेरी आहे. तिथे दोन गाड्यांमधलं अंतर काही वेळा तासाच्या आसपास जातं. खोपोलीची गाडी पाच मिनिटांनी हुकली, तर मेट्रोने वाचवलेली वीस मिनिटं कर्जतच्या फलाटावरच संपतात, वर अर्धा तास पदरचा जातो. थोडक्यात, लांबच्या प्रवासाचा वेळ त्यातली सर्वात कमी धावणारी गाडी ठरवते.

बंद दरवाजे आणि उघडे दरवाजे

9 जून 2025 ला मुंब्र्याजवळच्या वळणावर कर्जतहून सीएसएमटीला येणारी आणि कसाऱ्याकडे जाणारी अशा दोन लोकल एकमेकींच्या शेजारून गेल्या. दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि किमान चार जणांचा जीव गेला. त्यानंतर रेल्वेने नव्या लोकलना आपोआप बंद होणारे दरवाजे बसवण्याची घोषणा केली. मेट्रोच्या प्रवाशाला जी सुरक्षितता पहिल्या दिवसापासून मिळाली, ती याच प्रवासाच्या साध्या लोकलमधल्या टप्प्यात तेव्हा घोषणेच्या पातळीवर होती. शिवाय नुसते दरवाजे बंद करून भागत नाही. आत उभं राहायला जागा हवी, म्हणजे फेऱ्या आणि डबे वाढायला हवेत.

पनवेल-कर्जत मार्गाने चित्र बदलेल?

कर्जत-खालापूरसाठी खरी 'मेट्रो' ठरू शकतो तो पनवेल-कर्जत उपनगरी मार्ग. एमयूटीपी-3 मधला हा 29.6 किलोमीटरचा दुहेरी मार्ग आहे. स्थानकं पाच: पनवेल, चिखले, मोहोपे, चौक आणि कर्जत. वावर्लेचा बोगदा 2,625 मीटरचा, म्हणजे 1916 पासून वापरात असलेल्या 1.3 किलोमीटरच्या पारसिक बोगद्याच्या जवळपास दुप्पट. मात्र मुदती पुढे सरकत गेल्या, डिसेंबर 2025 ची मुदतही हुकली.

नकाशावर फायदा सरळ दिसतो. पनवेल ते सीएसएमटी 49 किलोमीटर. त्यात हे 29.6 मिळवले की कर्जत ते सीएसएमटी सुमारे 79 किलोमीटर होतं, म्हणजे कल्याणमार्गे जाण्यापेक्षा 21 किलोमीटर कमी. पण हार्बरची लोकल प्रत्येक स्थानकावर थांबते, त्यामुळे जेवढं अंतर वाचेल तेवढा वेळ वाचेलच असं नाही. खरा फायदा नवी मुंबईत कामाला जाणाऱ्यांचा. पनवेल, बेलापूरसाठी आज कल्याण-ठाण्याचा वळसा घालावा लागतो. तो टळेल, आणि बेलापूर-पेंधर ही नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झालेली नवी मुंबई मेट्रोही आवाक्यात येईल.

खालापूर तालुक्याचं गणित मात्र वेगळं आहे. चौकला स्थानक मिळतंय, खोपोली या मार्गावर नाही. खोपोलीकराला आधी कर्जतला यावं लागेल किंवा जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने चौक गाठावं लागेल. तिथपर्यंत वेळेवर एसटी किंवा शेअर रिक्षा नसेल, तर दुचाकी असलेल्यालाच हे स्थानक जवळचं वाटेल.

घर घेण्याआधी काय बघायचं?

कर्जत-खालापुरात घर शोधणाऱ्यांना 'मुंबई आता जवळ आली' हे वाक्य सारखं ऐकवलं जातं. त्यावर तीन प्रश्न विचारायला हवेत. नव्या मार्गावर गर्दीच्या वेळी तासाला किती गाड्या असतील? त्या थेट मुंबईला जातील की पनवेलला उतरून गाडी बदलावी लागेल? आणि रात्री उशिरा घरी नेणारी शेवटची गाडी किती वाजता आहे? ॲक्वा लाईनची शेवटची मेट्रो रात्री साडेदहाला सुटते. त्यातून उतरलेल्या माणसाला कर्जत, चौक किंवा खोपोलीला त्याच रात्री पोहोचता येतं का, हे वेळापत्रक हातात घेऊनच तपासावं लागेल.