नावापुढे 'डॉ.' लागलं, पगार मात्र तासावर

गावातल्या पोराने मराठीत किंवा इतिहासात पीएचडी केली की चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लागतो. पुढच्या जून-जुलैत तोच 'डॉक्टर' तालुक्याच्या कॉलेजात सीएचबीच्या, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या मुलाखतीला बसलेला दिसतो.

हिशेब बघा. नेट परीक्षेत जेआरएफ मिळालेल्याला संशोधन करताना यूजीसीकडून महिन्याला 37 हजार रुपये मिळतात, दोन वर्षांनंतर 42 हजार. पीएचडी झाली की ते बंद. सीएचबीत पदवीच्या वर्गाला तासाला 900 रुपये आणि आठवड्याला जास्तीत जास्त 9 तास. एकही सुट्टी नसलेला महिना धरला तरी साधारण 32 हजार. दिवाळी, परीक्षा, उन्हाळा, तास नाही तर पैसा नाही. बिलं मंजूर होऊन यायला कधीकधी महिने लागतात, तोवर उधारी. शेजारच्या वर्गात तेच शिकवणाऱ्या कायम सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतनच 57,700 पासून सुरू होतं, महागाई भत्ता वेगळा.

मग जागा का भरत नाहीत? अनुदानित कॉलेजात पगार सरकारचा, निवड संस्थेची. सरकारने मंजुरी दिल्याशिवाय जाहिरात निघत नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये 2,088 जागांना मंजुरी मिळाली खरी, पण ती राज्यभरातली आणि सगळ्या विषयांची. त्यात इतिहासाची जागा निघायची, तीही बिंदुनामावलीत आपल्या प्रवर्गाची. खेड्यातल्या आर्ट्सला पोरं घटली की कार्यभार घटतो आणि निवृत्त झालेल्या सरांची खुर्ची रिकामीच राहते. एखादी जाहिरात आलीच, तर अभ्यासाआधी 'रेट काय चाललाय' याची कुजबुज सुरू होते. पावती कुणी देत नाही, म्हणून तक्रारही टिकत नाही. एवढ्यासाठी जमीन विकायची का, हा प्रश्न कित्येक घरांत झालाय.

त्यात जुलै 2023 पासून यूजीसीने या पदासाठी नेट किंवा सेट ही किमान अट ठेवली आणि पीएचडी ऐच्छिक केली. छाननीत पीएचडीला गुण आहेत, ते खरं. पण नुसती पेट देऊन पीएचडीला लागलेल्यांनी सेटचा अर्ज भरलाय का, हे घरच्यांनी एकदा विचारावं. चार-पाच वर्षं प्रबंधात गेल्यावर ते कळून उपयोग नाही.

सोयरीक जुळवतानाही 'सर कायम कधी होणार?' हाच प्रश्न येतो. उत्तर सरांकडेही नसतं. सीएचबीची नेमणूक त्या वर्षापुरतीच असते. दहा वर्षं शिकवलेल्यालाही पुढच्या जूनला पुन्हा अर्ज करून त्याच मुलाखतीला बसावं लागतं.