थेट नगराध्यक्ष आणि आपण

महाराष्ट्रात नगराध्यक्ष कोणी निवडावा, हे अलीकडे सरकार बदलले की बदलते. २०१६ साली तो थेट मतदारांनी निवडला. २०२० साली निवड नगरसेवकांकडे गेली, २०२२ साली पुन्हा मतदारांकडे आली. डिसेंबर २०२५चे मतदान याच पद्धतीने झाले. थेट निवडीला आमचा विरोध नाही. नगरसेवकांना सहलीला नेऊन बहुमत जुळवण्याची गरज तिने उरू दिली नाही. परंतु अध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृह दुसऱ्याचे, अशी कोंडी झाली की पाणी आणि गटारे ठरावांतच अडकतात. मराठी राजकीय कादंबरीने हे सभागृह क्वचितच पाहिले. अरुण साधूंचे ‘सिंहासन’ मुख्यमंत्रिपदाभोवती फिरते, आणि आम्हीही वर्गात तेवढेच राजकारण शिकवत आलो. नगरपरिषदेची सभा आमच्या महाविद्यालयापासून हाकेच्या अंतरावर भरते. तेथे आम्ही एकदाही गेलेलो नाही.