वाटा कुणाला, घाटा कुणाला?

दूध लिटरमागे दोन रुपयांनी महागले की सकाळच्या चहाबरोबर घरोघरी त्याची चर्चा होते. उलट शेतकऱ्याच्या हाती पडणारा भाव दोन रुपयांनी उतरला, तर त्याची वार्ता शहरातल्या घरापर्यंत पोचतेच असे नाही, कारण पिशवीवर छापलेला आकडा तोच असतो. दुधाच्या धंद्यावरचे सरकारी नियंत्रण उठले की नेमके काय होते, हे समजून घ्यायचे तर या दोन आकड्यांच्या मधली जागा पाहावी लागते. त्यासाठी ऑस्ट्रेलियाइतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही. तिथे एका ठरलेल्या दिवशी, १ जुलै २००० रोजी, देशभरातले दुधाच्या भावाचे नियंत्रण एकदम संपले.

त्याआधीची व्यवस्था थोडक्यात अशी होती. दूध एकच, पण त्याला भाव दोन. पिण्यासाठी विकल्या जाणाऱ्या दुधाचा भाव प्रत्येक राज्याचे सरकार ठरवून देई. चीज, लोणी आणि भुकटी यांसाठी कारखान्यात जाणाऱ्या दुधाला मात्र जागतिक बाजार देईल तो भाव मिळे. पहिला भाव दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट असे. न्यू साऊथ वेल्स, क्वीन्सलँड आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलिया या राज्यांत पिण्याचे दूध किती घालायचे याचा कोटा शेतकऱ्यागणिक ठरलेला होता. हा कोटा विकता येई, विकत घेता येई. काही शेतकऱ्यांनी तर कर्ज काढून तो घेतला होता. म्हणजे सरकारी कागदावरचा एक हक्क जमिनीसारखीच मालमत्ता होऊन बसला होता.

ही घडी मोडली ती व्हिक्टोरिया राज्यामुळे. देशातले निम्म्याहून अधिक दूध या एका राज्यात निघते, आणि त्यातले बहुतेक कारखान्यात जाते. स्वस्तात दूध काढणाऱ्या तिथल्या शेतकऱ्यांना शेजारच्या राज्यांची शहरे खुणावत होती. राज्याराज्यांतला व्यापार खुला असावा असे ऑस्ट्रेलियाची राज्यघटनाच सांगते. त्यात १९९० नंतरच्या दशकात स्पर्धेचे राष्ट्रीय धोरण आले. १९९९ च्या अखेरीस व्हिक्टोरियाच्या शेतकऱ्यांनी मोठ्या बहुमताने मुक्त बाजाराच्या बाजूने कौल दिला. व्हिक्टोरियाचे दूध सीमा ओलांडणारच म्हटल्यावर बाकीच्या राज्यांपुढे निवड उरली नाही.

मालक आणि वाटेकरी

या बातमीची चर्चा बहुधा ‘शेतकऱ्यांवर परिणाम’ अशी एकवचनी होते. पण दुधाच्या शेतावर शेतकरी एक नसतो, अनेकदा दोन असतात. एक जमिनीचा मालक, दुसरा वाटेकरी. आपल्याकडे जमीन निमवाट्याने करतात, शेळी किंवा म्हैस अर्धलीने पाळायला देतात, त्याच जातीची ही पद्धत आहे. एका प्रकारात मालक जमीन आणि गोठा देतो, वाटेकरी स्वतःच्या गाई, अवजारे आणि मेहनत आणतो व दुधाचे पैसे निम्मे निम्मे होतात. दुसऱ्या प्रकारात गाईही मालकाच्याच असतात. मग वाटेकऱ्याचा हिस्सा तिसऱ्या भागाच्या आसपास येतो.

या पद्धतीला तिथे एक सामाजिक अर्थ होता. वडिलोपार्जित जमीन नसलेला तरुण आधी मजुरी करी, मग छोट्या वाट्यावर काम घेई, पै पै साठवून गाई जमवी, निम्म्या वाट्यावर जाई आणि चाळिशी गाठेपर्यंत स्वतःची जमीन घेण्याचे बघे. दूधधंद्यात शिरण्याची ही शिडी होती. नियंत्रण उठल्यावर तिच्या पायऱ्यांचे काय झाले, हा खरा प्रश्न आहे.

हिशेब करून पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा दुधाचे १०० डॉलर आले. वाटेकऱ्याचा हिस्सा ३५, आणि त्यातून मजुरी, वीज, इंधन यांपोटी त्याचा खर्च २५. हाती उरले १०. आता भाव पाचव्या हिश्श्याने उतरला, म्हणजे १०० चे ८० झाले. वाटेकऱ्याच्या वाट्याला आले २८. गाई तितक्याच, धारा तितक्याच, म्हणून खर्च तोच २५. उरले ३. भाव वीस टक्क्यांनी उतरला आणि त्याचे घर सत्तर टक्क्यांनी गरीब झाले. मालकाचा हिस्सा ६५ वरून ५२ वर आला. त्याचा खर्च ३५ धरला तर ३० चे १७ झाले. घाटा त्यालाही आहे, मोठा आहे. पण त्याच्या पायाखाली जमीन आहे. ती गहाण टाकता येते, विकता येते, तिच्यावर दूध सोडून दुसरे काही करता येते. वाटेकऱ्याजवळ फार तर गाई असतात, आणि दुधाचा भाव उतरला की गाईचा भावही उतरतो.

मात्र मालक सुखात राहिला असेही नाही. कोटा विकत घेतलेल्या मालकाची ती मालमत्ता १ जुलैच्या सकाळी शून्य किमतीची झाली. कर्ज मात्र होते तेवढेच राहिले. वाटेकऱ्याचे उत्पन्न गेले, मालकाचे उत्पन्न आणि भांडवल दोन्ही गेले. दोघांचे दुखणे वेगळे, त्यामुळे औषधही वेगळे हवे होते.

भरपाई आणि तारीख

औषध दिले गेले, हे ऑस्ट्रेलियाच्या बाबतीत नमूद केले पाहिजे. सरकारने सुमारे १.६३ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरची मदत योजना आखली. १९९८-९९ या वर्षी घातलेल्या पिण्याच्या दुधावर लिटरमागे सुमारे ४६ सेंट आणि कारखान्याच्या दुधावर सुमारे ९ सेंट, असे मोजून ती रक्कम आठ वर्षांत हप्त्याहप्त्याने द्यायची. धंदा सोडणाऱ्याला ४५ हजार डॉलरपर्यंत वेगळी रक्कम घेण्याची सोय होती. हा पैसा उभा केला तो ग्राहकाकडून. पिण्याच्या प्रत्येक लिटरवर ११ सेंटचा अधिभार बसवला गेला आणि तो फेब्रुवारी २००९ पर्यंत चालू राहिला.

या योजनेत वाटेकऱ्यालाही हक्क दिला होता, ही तिची मोठी जमेची बाजू. पण मदत द्यायची तर रेघ कुठेतरी ओढावी लागते. ती ओढली गेली २८ सप्टेंबर १९९९ या तारखेवर. त्या दिवशी ज्याचा धंद्यात हिस्सा होता, तो पात्र. मालक वर्षानुवर्षे त्याच जमिनीवर असतो. वाटेकरी मात्र करार संपला की गाई घेऊन दुसऱ्या शेतावर जातो. दूध मोजायचे एका वर्षाचे आणि माणूस मोजायचा दुसऱ्या वर्षातल्या एका दिवशी, असे झाले की फिरत्या माणसाची अडचण होणारच. २००१ मध्ये सरकारला पूरक मदत जाहीर करावी लागली, ती काही उगाच नव्हे.

पुढची वीस वर्षे

पुढे काय झाले, हे आकडेच सांगतात. १९८० मध्ये ऑस्ट्रेलियात दुधाची सुमारे २२ हजार शेते होती. २००० मध्ये ती १३ हजारांच्या आत आली आणि २०२० पर्यंत ५ हजारांच्या घरात. क्वीन्सलँडमध्ये तर २००० साली असलेल्या शेतांपैकी चौथा हिस्साही उरला नाही. देशाचे दूध २००१-०२ मध्ये अकराशे कोटी लिटरांच्या वर गेले होते, ते २०१९-२० पर्यंत ८८० कोटींच्या आसपास उतरले. याला एकटे नियंत्रण उठणे कारण नाही. मधल्या काळात दीर्घ दुष्काळ पडला, पाणी महागले. शेते कमी होण्याची ओढही जुनीच होती. तरीही सरकार बाजूला झाल्यावर तिच्या जागी कोण आले, हे पाहण्यासारखे आहे.

आले ते मोठे दुकानदार. २६ जानेवारी २०११ रोजी कोल्स या दुकानसाखळीने स्वतःच्या नावाचे दूध लिटरला एक डॉलर केले. प्रतिस्पर्धी वूलवर्थ्सने तोच भाव लावला. तो २०१९ पर्यंत टिकला. आठ वर्षांत सगळे महागले, दुधाचा डॉलर हलला नाही. ग्राहक खूश होता, आणि त्याला दोष देता येणार नाही.

सहकारही वाचवू शकला नाही. १९५० मध्ये स्थापन झालेली मरे गोलबर्न ही शेतकऱ्यांची स्वतःची संस्था. हंगाम संपायला दोन महिने असताना, एप्रिल २०१६ मध्ये, तिने दुधाचा भाव एकदम खाली आणला. फॉन्टेराने तिचेच अनुकरण केले. घातलेल्या दुधाचे जास्त दिलेले पैसे पुढच्या बिलांतून वळते करण्याची भाषा झाली. ज्याची जमीन आहे त्याने कर्ज वाढवले. ज्याची नाही, त्याने गाई विकल्या. २०१८ मध्ये ही संस्था कॅनडाच्या सपुटो कंपनीकडे गेली. अखेर १ जानेवारी २०२० पासून सरकारने सक्तीची आचारसंहिता आणली. हंगामाआधी, १ जूनपर्यंत, डेअरीने किमान भाव जाहीर करावा आणि दिलेला भाव मागाहून कापू नये, असा तिचा गाभा. वीस वर्षांनी नियम परतले. पण ते डेअरी आणि शेतकरी यांच्यातल्या करारासाठी. मालक आणि वाटेकरी यांच्यातला व्यवहार अजूनही त्या दोघांच्या समजुतीवरच चालतो.

आपल्यासाठी

२०२२ मध्ये भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात व्यापार करार झाला, तेव्हा भारताने दूध त्यातून बाहेर ठेवले. ते योग्यच होते. पण नियंत्रण उठण्याचा अनुभव आपल्याला नवा नाही. १९९१ मध्ये आपल्याकडे डेअरीचा परवाना गेला, १९९२ मध्ये दूध आदेश आला आणि २००२ मध्ये त्यातली संकलन क्षेत्राची अट काढली गेली. खासगी डेअऱ्या आल्या. उत्पादकाला दुसरे दार उघडले, हा फायदा खराच. पण भुकटीचा भाव कोसळला की भाव कोसळतो, हेही कळले. २०१८ च्या जुलैत महाराष्ट्रात दूध रस्त्यावर ओतले गेले, तेव्हा सरकारला लिटरमागे पाच रुपयांचे अनुदान द्यावे लागले. २०२४ मध्ये पुन्हा पाच रुपये दिले, ते आधार जोडलेल्या बँक खात्यात, कानात बिल्ला असलेल्या गाईच्या दुधावर.

चुकीच्या हाती पैसा जाऊ नये म्हणून या अटी असतात, हे मान्य. पण अर्धलीने गाय सांभाळणाऱ्याचे नाव कोणत्या कागदावर असते? पहाटे उठून शेणघाण काढणाऱ्या, धार काढणाऱ्या घरच्या बाईच्या नावावर खाते असते का? ऑस्ट्रेलियाने निदान वाटेकऱ्याला कागदावर जागा दिली आणि मग त्या जागेवरून वाद झाला. आपल्याकडे वाद होण्याइतकीही जागा त्याला नाही.

बाजार खुला करावा की बांधावा, हा वाद अर्थतज्ज्ञ करत राहतील. तो होईपर्यंत एवढे तरी करता येईल. दुधाच्या धंद्यात मदतीचा कोणताही हिशेब मांडताना आधी विचारावे, की या गोठ्यात राबतो कोण, आणि सातबारा, खाते, गाईचा बिल्ला यांपैकी त्याच्या नावावर काय आहे? ज्याच्या नावावर काहीच नाही, भावाचा पहिला फटका त्यालाच बसतो. मदत त्याच्यापर्यंत पोचली, तरी सगळ्यांत शेवटी पोचते.