गोल पृथ्वी आणि भिंतीवरचे जग

बुलढाणा जिल्ह्यातील रोहिणखेडचा गावनकाशा आणि शाळेच्या भिंतीवरील जगाचा नकाशा, दोन्ही सपाट कागदावरचेच. परंतु पहिल्यावरून बांधाचे तंटे मिटविता येतात (निदान मिटावेत अशी अपेक्षा असते), तर दुसऱ्यावरून दोन देशांत मोठा कोणता, एवढेही खात्रीने सांगता येत नाही. हा भेद विद्यार्थ्याला सहसा सांगितलाच जात नाही.

भेदाचे कारण पृथ्वीच्या वक्रतेत आहे. सपाटीवरील त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश. गोलावर ती अधिक भरते. पृथ्वीवर सुमारे २०० चौरस किलोमीटरच्या त्रिकोणात ही वाढ अवघी एक विकला असते. रोहिणखेडच्या शिवारात तिची दखल घेण्याचे कारण नाही. बुलढाणा जिल्ह्याएवढ्या त्रिकोणात मात्र ती पाऊण कलेच्या पुढे जाते आणि खंडाच्या विस्तारात तिला लपायला जागाच उरत नाही. त्रिकोणमितीय मोजणीचा आद्य प्रवर्तक विल्यम लॅम्बटन याला या वाढीचा हिशेब ठेवावा लागे. १८०२ मध्ये मद्रासजवळ आरंभलेले हे काम चालू असतानाच १८२३ मध्ये विदर्भातील हिंगणघाट येथे त्याचा अंत झाला. पुढे गाउस या जर्मन गणितज्ञाच्या १८२७ च्या सिद्धांताने स्पष्ट झाले की, अंतरे न बिघडविता गोलाचा पृष्ठभाग सपाट करताच येत नाही. संत्र्याची साल ताटात दाबून पाहणाऱ्याला याची प्रचीती तत्काळ येते.

मर्केटरने १५६९ मध्ये रचलेला नकाशा खलाशांसाठी होता. एकच दिशा धरून जाणारा मार्ग त्यावर सरळ रेषेत उमटतो. त्याची किंमत क्षेत्रफळाने मोजावी लागते. विषुववृत्ताच्या तुलनेत रोहिणखेडच्या अक्षांशावर क्षेत्र सुमारे १४ टक्के फुगते, ७२ अंशांवर दहापट! म्हणूनच भारताच्या दोनतृतीयांश असलेले ग्रीनलंड त्यावर भारताहून कित्येक पट मोठे भासते, आणि ग्रीनलंडच्या चौदापट असलेली आफ्रिका त्याच्या बरोबरीची.

यात साम्राज्यवाद्यांचे कारस्थान पाहणे मर्केटरवर अन्याय करणारे आहे. दोष आहे तो जहाजावरचा नकाशा वर्गात टांगणाऱ्यांचा. ऑगस्ट २०२५ मध्ये आफ्रिकी संघाने समक्षेत्र नकाशाच्या मोहिमेला पाठिंबा दिला, तो योग्यच होय. मात्र समक्षेत्र नकाशाही निर्दोष नव्हे. १९७३ मध्ये गाजलेल्या पीटर्सच्या नकाशात क्षेत्रे खरी, पण आफ्रिका उभी ताणलेली दिसते. तेव्हा एका नकाशाऐवजी दुसरा टांगून भागणार नाही. प्रत्येक नकाशाखाली त्याचे प्रक्षेपण आणि त्यात काय बिघडले आहे, हे मराठीत छापले पाहिजे. परीक्षेतही त्यावर प्रश्न आला पाहिजे, कारण त्याविना आपल्याकडे काही शिकविले जात नाही.

आणि पृथ्वीगोल कपाटातून बाहेर यावा. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेघ भिंतीवरील नकाशात अरबस्तान व उत्तर आफ्रिकेवरून जाते. गोलावर ताणून धरलेला दोरा मात्र रशिया, स्वीडन ओलांडून आइसलंडपर्यंत चढतो. तो विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने ताणावा.