आरओच्या नळीतून कोण वाहून जातं?



आपल्या घरात पाण्याचे जेवढे लाड होतात, तेवढे जावयाचेही होत नसतील. हंड्यावर दुहेरी गाळणं बांधा, सावकाश ओता, 48 मिनिटांचा मुहूर्त सरला की पुन्हा गाळा. गाळण्यात राहिलेली जीवाणी गाळलेल्या पाण्यानेच हलके धुऊन ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत सोडा. पाहुण्याला नुसतं स्टँडवर सोडून भागत नाही, त्याच्या घरी नेऊन पोचवायचं, तसलाच प्रकार.

विहीर वाड्यात होती तोवर हे सोपं होतं. मग आपल्या बीडच्या नशिबी टँकर आला. 2016 चा उन्हाळा आठवा. आपल्याच केज तालुक्यातलं धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्या दिवसांत आमच्या सासूबाई जीवाणीचा तांब्या हातात धरून टँकरवाल्याला विचारायच्या, "बाळा, हे पाणी कोणत्या विहिरीचं रे?" तो म्हणायचा, "आजी, पाणी भरून घ्या आधी, माझ्या अजून चार खेपा राहिल्यात." एकदा मात्र त्याने तांब्या घेतला आणि म्हणाला, "द्या, तुमचे पाहुणे सोडतो घरी." पोचवले की नाही, ते भगवंतालाच ठाऊक. आम्ही सगळे हसलो. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांच्या दृष्टीने तो प्रश्न अगदी सरळ होता.

आता घरोघरी भिंतीवर आरओ बसलाय. बायका कौतुकाने म्हणतात, "आता गाळायची कटकट नाही बाई, मशीनच सगळं करतं." सगळं करतं खरं, पण त्याच्या मागच्या बारीक नळीकडे कोणी बघत नाही. साधा घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना साधारण तीन लिटर मोरीत सोडतो. पाच माणसांच्या घरात पिण्याला आणि स्वयंपाकाला रोज 15 लिटर धरलं, तर 45 लिटर गटारात जातं. महिन्याचे झाले 1,350 लिटर, म्हणजे 200 लिटरची जवळजवळ सात पिंपं! आणि हे त्या गावात, जिथे नळाला पाणी यायच्या दिवशी लग्नाची बोलणीसुद्धा पुढे ढकलतात.

मला म्हणायचंय ते एवढंच. पाण्यातले जीव वाचवावेत म्हणून आपण गाळतो, पण आपल्या धर्मात पाणी हाच जीव आहे. अप्काय! चौऱ्याऐंशी लक्ष योनींपैकी सात लक्ष अप्कायाच्या. प्रतिक्रमणात त्यांची क्षमा आपण मागतोच की. मग संध्याकाळी क्षमा मागायची आणि दिवसभर नळी मोरीत सोडून ठेवायची, हा कुठला हिशोब? किराणा दुकानदाराच्या घरातल्या आपण, दोन रुपयांची चूक वहीत लगेच सापडते आपल्याला!

आरओ काढून फेका, असं मी म्हणत नाही. खारट बोअरचं पाणी असेल तर मशीन लागतंच, तब्येतीशी खेळ नको. पण आधी पाणी तपासून घ्या. 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने सरकारला सांगितलं होतं, की विरघळलेले क्षार लिटरमागे 500 मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तिथे आरओवर बंदी घाला. तुमचं पाणी तेवढं गोड असेल, तर आपलं गाळणं आणि उकळणं पुरे आहे. उकळलेलं पाणी तर तपस्वीही घेतात.

आणि आरओ लागतच असेल, तर नळीखाली बादली ठेवा. ते पाणी फरशीला, संडासात, मोरी धुवायला चालतं. भांड्यांवर पांढरे डाग पडतात आणि रोज कुंडीत ओतलं तर क्षाराने झाड रुसतं, तेवढं सांभाळा. आमच्या घरी बादली आली, तेव्हा रात्री अंधारात 'ह्यां'चा पाय तिच्यात गेला. "घरात विहीर खणली का?" म्हणून ओरडले. आता तेच भरलेली बादली उचलून नेतात, आणि कोणी विचारलं तर ही युक्ती स्वतःची म्हणून सांगतात. सांगू द्या, पाणी तर वाचतंय.

आपल्या जुन्या बायका जेवण झालं की थाळी धुऊन ते पाणी पिऊन टाकायच्या. नव्या सुनांना त्याची किळस वाटते. पण त्यात अन्नाचा कण वाया जात नाही आणि भांडं घासायला पाणीही कमी लागतं. ते जमत नसेल तर निदान पारण्याच्या पंगतीत पेले अर्धे भरा. उपास आठ दिवसांचा आणि पंगतीनंतर उष्टं पाणी आठ बादल्या, हे काही तपाला शोभत नाही.

पर्युषणात कोणी हिरवी भाजी सोडतं, कोणी गोड सोडतं. यंदा एकीने तरी मोरीत सोडलेली ती नळी सोडवावी. पच्चक्खाण सोपं आहे आणि पोटाला उपासही घडत नाही.