वजनकाट्यावरचा मुलगा

भातकापणी आटोपली की रत्नागिरीच्या गावागावांत रात्रीच्या कबड्डी स्पर्धा सुरू होतात. किशोर गटाच्या सामन्याआधी वजनकाट्यापाशी रांग लागते. त्यात एखादा पोरगा सकाळपासून उपाशी असतो, कारण कालच्या काट्यावर तो अर्धा किलो जास्त भरलेला असतो. तोच रात्री चार पकडी करतो आणि बाजूचे लोक निकाल देऊन टाकतात : ‘हा प्रो कबड्डीत जाणार.’

हे बोलणं अगदीच हवेतलं नाही. चिपळूण तालुक्यातला शुभम शिंदे 2024मध्ये प्रो कबड्डीतल्या पाटणा पायरेट्सचा कर्णधार झाला. पण किशोर गटातल्या चार पकडींत कौशल्य किती आणि बरोबरीच्या पोरांआधी भरलेले खांदे किती? हाच पोरगा पुढे पुरुष गटात ऐंशी-पंच्याऐंशी किलोंच्या चढाईपटूंसमोर उभा राहायचा आहे. कॅनडात 1980च्या दशकात रॉजर बार्न्सली या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की आइस हॉकीच्या निवडक संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्या मुलांचाच भरणा असतो. तिथे वय 1 जानेवारीपासून मोजतात. काही महिन्यांच्या थोरलेपणालाच निवडणारे गुणवत्ता समजत होते.

एका हंगामावरून काट मारणंही तितकंच फसवं. 2015मध्ये प्रो कबड्डीत बेंगळुरूकडून चढाईपटू प्रदीप नरवाल जेमतेम चमकला. 2017च्या हंगामात त्याच प्रदीपने पाटण्यासाठी चढाईत 369 गुण घेतले.

मग थांबावं का? थांबायलाही पैसे लागतात, हे पुण्या-मुंबईत बसून सांगणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. विसाव्या वर्षी घरचे विचारतात, नोकरीचं काय? आपल्याकडे कबड्डीत ‘व्यावसायिक’ म्हणजे बँका-कंपन्यांचे संघ, हा अर्थ प्रो कबड्डीच्या कितीतरी आधीचा. त्या नोकरीच्या आशेवर कोकणातल्या कित्येक पोरांनी मुंबई गाठली. शिवाय लाल मातीत अनवाणी घडलेल्या पायाला मॅटवर बूट घालून वळायला नव्याने शिकावं लागतं. ते जितकं लवकर तितकं बरं. म्हणून मुलगा लवकर हेरावा, त्याला आहार, मॅट, प्रशिक्षक द्यावा, याला आमचा विरोध नाही. त्याच्या कपाळावर भविष्य मात्र इतक्या लवकर लिहू नये. निदान दोन-तीन हंगाम, वेगवेगळ्या मैदानांवर त्याला पाहावं. आणि पाहायचं ते गुणांच्या पलीकडचं.

गेल्या हिवाळ्यात पाहिलेली एक चढाई अजून डोळ्यांपुढे आहे. समोर चारच गडी, म्हणजे बोनस नाही. बाहेरून ‘घुस, घुस’चा गलका. किडकिडीत पोरगा डाव्या कोपऱ्यापुढे दोनदा झुकला, हात मागे घेतला आणि तीस सेकंद संपता संपता रिकामा परतला. लोकांनी शिव्या घातल्या. तो कर्णधाराच्या कानाशी लागला, ‘डावा कोपरा आधीच पाय टाकतोय.’ पुढच्या चढाईत कर्णधाराने नेमका तोच गडी मारला.

गुणपत्रकात पोराच्या चढाईपुढे शून्य होतं.